गाणगापूरचा मठ आणि ‘गुरुचरित्र’

भीमा-अमरजा संगमानजीकच्या गाणगापूर मठात शिल्पवैभव शोधू जाणाऱ्याची निराशाच व्हावयाची. पंधराव्या शतकात श्रीनृसिंहसरस्वतींनी जेथे दीर्घ वास्तव्य केले, तेथील मुख्य ठेवा म्हणजे निर्गुण पादुका. त्यांना जलस्नान नाही; केशर व अष्टगंध यांचे लेपन तेवढे होते.

या मठाचा दुसरा ठेवा म्हणजे सरस्वती गंगाधरांचे ‘गुरुचरित्र’. कवीची घरची भाषा कन्नड, ग्रंथ मात्र मराठी. मराठी घराघरांतून त्याची पारायणे होतात; पण कर्नाटकाचे हे ऋण आपण क्वचितच बोलून दाखवितो.

पारायणाच्या ओघात एक विसंगती नजरेआड होते. पन्नासाव्या अध्यायात पूर्वजन्मीचा रजक बिदरचा मुसलमान राजा होऊन येतो; श्रीगुरू त्याची व्याधी हरण करतात व त्याच्या नगरासही जातात. अठ्ठाविसाव्यात मात्र भस्मप्रभावाने ज्ञानी झालेल्या पतिताच्या अंगावरील भस्म धुतले जाते, ज्ञान लोपते आणि तो पूर्वीच्या जातीत परत जातो. करुणेने ओलांडलेली सीमा आचारधर्म पुन्हा आखतो. ग्रंथात दोन्ही आहेत.

साक्षीदाराच्या जबानीतील सोयीचा भाग तेवढा उचलणे न्यायालयात चालत नाही. भक्तीतही चालू नये. बिदरच्या राजाची कथा अभिमानाने सांगणाऱ्या मंदिर-समाजाने पतिताचा अध्यायही डोळसपणे वाचावा, आणि आपल्या देवळाचे दार यांपैकी कोणत्या अध्यायाप्रमाणे उघडावयाचे, हे स्पष्टपणे ठरवावे.