कसबाचा पुरावा : 'ब्लॅक रोडिओ' आणि मराठी वाचनाची एक सवय

जेफ कॅन्यू यांचा 'ब्लॅक रोडिओ' (1972) हा अनुबोधपट सप्टेंबर 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या रँडल्स बेटावर भरलेल्या एका स्पर्धेचे चित्रण आहे. रोडिओ म्हणजे गुरे-घोडे हाताळण्याच्या कसबाची जाहीर परीक्षा. येथे ती देणारे कृष्णवर्णीय आहेत आणि पाहणारे मुख्यतः हार्लेमचे रहिवासी. स्पर्धेपूर्वी घोडेस्वार हार्लेमच्या रस्त्यांतून फिरतात. पदपथावरच्या मुलांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य हाच चित्रपटाचा पहिला युक्तिवाद होय : आपल्यासारखा दिसणारा काऊबॉय या मुलांनी पडद्यावर जवळजवळ पाहिलेलाच नसतो. वास्तविक गृहयुद्धोत्तर काळात पश्चिमेकडे गुरांचे तांडे हाकणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण साधारण एक-चतुर्थांश असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

हा चित्रपट अन्यायाची कैफियत मांडत नाही, हे त्याचे वेगळेपण. शोषितांवरील अनुबोधपटाची रूढ वाट निराळी असते. राहुल रॉय यांच्या 'द फॅक्टरी' (2015) मध्ये मानेसरच्या मारुती सुझुकी कारखान्यातील 18 जुलै 2012 च्या हिंसाचारानंतर अटक झालेल्या कामगारांचा लढा आहे. तेथे कामगार आपल्यासमोर येतो तो मुख्यतः खटल्याच्या संदर्भात. जोडणी-रांगेवरचे त्याचे हात फाटकाबाहेरच्या कॅमेऱ्याला दिसणे अवघडच, आणि ज्याचे स्वातंत्र्य पणाला लागले आहे त्याच्या कसबाची चर्चा करण्याची ती वेळही नव्हे. हा त्या चित्रपटाचा दोष नाही. मात्र पीडितासंबंधी बोलण्याची हीच एक रीत, असे प्रेक्षक हळूहळू गृहीत धरू लागतो.

मराठी वाचकालाही ही सवय जडली आहे. म. ना. वानखेडे यांनी 1960 च्या दशकात अमेरिकेतून परतल्यावर कृष्णवर्णीय साहित्याचा दाखला दिला, 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नावच तिकडून घेतले. या आदानप्रदानातून आणि आंबेडकरी विचारातून उभ्या राहिलेल्या समीक्षेने वेदना, विद्रोह आणि नकार ही त्रयी रूढ केली. ती आवश्यक होती, पण तिच्यात कसबाला जागा उरली नाही. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (1980) मध्ये गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाची उपासमार जितकी चर्चिली गेली, तितके त्यातले फोकांचे विणकाम चर्चिले गेले नाही. डोंबारी-कोल्हाट्यांच्या दोरावरच्या कसरतीची तीच गत. तिचा उल्लेख येतो तो दारिद्र्याचा तपशील म्हणून. तोल, ताण आणि सरावाची विद्या म्हणून ती आपण वाचत नाही.

कसबाचा पुरावा निर्णायक असतो, असा भाबडा समज मात्र येथे उपयोगी नाही. बैलस्वारीत एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकावे लागते. त्या आठ सेकंदांना वर्ण नसतो, परंतु त्यानंतर गुण देणाऱ्या पंचांना असतो. धावत्या घोड्यावरून झेप घेऊन शिंगे पिरगाळून बैल लोळवण्याचा प्रकार रूढ करणारा बिल पिकेट (1870-1932) याला स्पर्धेत उतरण्यासाठी कधी कधी आपला वंश लपवावा लागला. त्याचे कसब चित्रित करणाऱ्या 'द बुल-डॉगर' या मूकपटाचे आज फक्त तुकडे उरले आहेत. मर्टिस डाइटमन 1964 मध्ये राष्ट्रीय अंतिम फेरीत पोहोचणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला, तर बैलस्वारीचे जगज्जेतेपद चार्ली सॅम्पसनला मिळाले ते 1982 मध्ये. त्या अठरा वर्षांच्या मधोमध 'ब्लॅक रोडिओ' येतो. स्वतःचे मैदान, स्वतःचा प्रेक्षक उभारण्याची निकड त्यामुळे कळते.

कॅन्यू यांचा कॅमेरा मात्र या निकडीशी सतत प्रामाणिक राहत नाही. मुहम्मद अली मैदानात येताच तो स्पर्धकांना विसरतो. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलीची लष्करभरती-नकाराची शिक्षा रद्द केली होती, तेव्हा मोह समजण्याजोगा आहे. तरीही ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी काढलेल्या चित्रपटात सर्वांना ठाऊक असलेल्या चेहऱ्याने जागा अडवावी, हे खटकते. पार्श्वसंगीतही अनेकदा खुरांचा आवाज गिळून टाकते.

अधिक गंभीर उणीव वूडी स्ट्रोडच्या निवेदनाशी निगडित आहे. जॉन फोर्डच्या 'सार्जंट रटलेज' (1960) मध्ये कृष्णवर्णीय घोडदळ-सैनिकाची भूमिका करणारा हा नट पश्चिमेच्या इतिहासातला आपला वाटा अधिकारवाणीने सांगतो. पण ते घोडदळ ज्यांच्याविरुद्ध लढले, त्या मूलनिवासी जमातींचा प्रश्न चित्रपट धसाला लावत नाही. कोरेगावच्या विजयस्तंभासंबंधी मराठीत झालेल्या वादांत नेमका हाच मुद्दा पुनःपुन्हा उपस्थित झाला : 1818 मध्ये कंपनीच्या फौजेतून लढलेल्या महार सैनिकांचा पराक्रम कोणाचा मानायचा? त्यांनी कोणाविरुद्ध शस्त्र धरले, आणि ज्या राज्याने त्यांना माणूस मानले नाही त्याच्याविषयी त्यांनी निष्ठा का बाळगावी? 1 जानेवारी 1927 रोजी आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, त्यानंतर तो मुद्दा मिटला नाही, अधिक टोकदार झाला. 'ब्लॅक रोडिओ'तला विजयी स्वार टोपी उंचावतो आणि तेथेच थांबतो.