पंधरा दिवसांचा परदेश

आमच्या महाविद्यालयात गेल्या वर्षी एक प्रस्ताव आला. बारावी होऊन प्रथम वर्षाला नुकताच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना, पहिला तास होण्यापूर्वीच, पंधरा दिवसांसाठी परदेशी न्यायचे. तेथे एखाद्या विद्यापीठाच्या आवारात राहायचे, चार व्याख्याने ऐकायची, वस्तुसंग्रहालये पाहायची, रोज एक वही लिहायची आणि परत येऊन 'जागतिक दृष्टी'ने महाविद्यालयीन जीवनाचा आरंभ करायचा. सोबत अमेरिकेतील अशाच उपक्रमांची माहितीपत्रके जोडलेली होती. खर्चाचा आकडा शेवटच्या पानावर बारीक टाइपात होता : दर विद्यार्थ्यामागे एक लाख साठ हजार रुपये. मी मराठी शिकवतो. तेव्हा 'सांस्कृतिक अंगाने अभिप्राय द्यावा' म्हणून ती फाईल माझ्या टेबलावर आली.

अभिप्राय दोन ओळींत देता आला असता. पण त्या पत्रकांत एक शब्द पानोपानी होता, 'अनुभव', आणि त्या शब्दाने मला अडवले. हा शब्द आमच्या साहित्याने फुकट मिळवलेला नाही. आमचे जगणे वाङ्मयाला पात्र आहे, हे प्रस्थापित समीक्षेच्या गळी उतरवण्यासाठी एका पिढीला अनुभवाची प्रमाणता मांडत बसावे लागले. तोच शब्द आता मुदत आणि दर लावून विकायला निघाला असेल, तर तो माल काय आहे हे तपासणे समीक्षेचेच काम आहे. म्हणून आमच्या प्रस्तावाचे नव्हे, तर तो ज्या कल्पनेची नक्कल आहे त्या मूळ अमेरिकन कल्पनेचे हे परीक्षण.

त्या कल्पनेचा इतिहास मोठा बोलका आहे. १९२३ साली डेलावेअर विद्यापीठाने आठ विद्यार्थी फ्रान्सला पाठवले. आधी भाषा शिकायची, मग पॅरिसमध्ये तेथल्या मुलांसारखे वर्ग करायचे, असे ते पुरे वर्ष होते. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या परदेशी अभ्यासाचा आरंभ म्हणून याकडे बोट दाखवले जाते. पुढे वर्षाचे सत्र झाले, सत्राचा उन्हाळा झाला आणि उन्हाळ्याचे दोन-तीन आठवडे झाले. पदवीच्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट होती, ती पहिल्या वर्षाच्याही आधी आली. मिशिगन स्टेटसारख्या विद्यापीठाने नवागतांसाठी, वर्ग सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात, परदेशी चर्चासत्रे चालवली. २०१८-१९ या वर्षी अमेरिकेतून परदेशी अभ्यासासाठी गेलेल्यांची संख्या साडेतीन लाखांच्या घरात होती. त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश केवळ उन्हाळ्यापुरते किंवा आठ आठवड्यांहून कमी मुदतीसाठी गेलेले होते. ब्रिटन, इटली, स्पेन, फ्रान्स ही पहिली पसंती. जाणाऱ्यांत गोरे सुमारे ६९ टक्के आणि काळे सहाच्या आसपास. उच्च शिक्षणात काळ्यांचे प्रमाण याच्या दुप्पट असताना.

अल्पतेचे समर्थन मात्र गरिबांच्या नावाने केले जाते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. २००५ साली लिंकन यांच्या नावाच्या एका सरकारी आयोगाने सांगितले की २०१६-१७ पर्यंत दरवर्षी दहा लाख विद्यार्थी परदेशी गेले पाहिजेत आणि त्यांत सर्व वर्गांची, सर्व वर्णांची मुले असली पाहिजेत. प्रत्यक्षात त्या वर्षी गेले सव्वातीन लाखांहून थोडे अधिक. २००१ पासून गिलमन शिष्यवृत्तीही आहे. सरकारी अनुदानावर शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला ती पाच हजार डॉलरपर्यंत देते. हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण युक्तिवाद पाहा : श्रीमंताला वर्ष परवडते, गरिबाला पंधरा दिवस, तेव्हा गरिबासाठी पंधरा दिवसांचे शिक्षण तयार करा. तुकडा लहान करून वाटणे म्हणजे समता, हे गणित आम्हाला नवीन नाही.

शिवाय गरिबाला पंधरा दिवसही परवडतात, हे कोणी ठरवले? महाविद्यालयाच्या आधीचा उन्हाळा हा गरीब घरात कमाईचा असतो. डेट्रॉइटला असतो तसा मराठवाड्यातही. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा मी अण्णांबरोबर वीटभट्टीवर कच्च्या विटा वाहत होतो. उचल फिटायची होती आणि पाऊस तोंडावर आला होता. त्या पंधरवड्याची मजुरी म्हणजे माझी वसतिगृहातली गादी, पत्र्याची पेटी आणि पहिल्या सत्राची पुस्तके. त्या दिवसांत मला कोणी फुकट विमानात बसवले असते, तरी पेटीचे पैसे कोणी दिले असते? शिष्यवृत्ती तिकिटाचा हिशेब करते. बुडालेल्या मजुरीचा रकाना तिच्या अर्जात नसतो.

आता त्या वहीकडे वळू. 'चिंतनवही' हा या सहलींचा नेमाचा भाग. तीवर गुण मिळतात. नमुन्यादाखल छापलेली अशी बरीच टिपणे मी वाचली. वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले तर त्यांचा साचा पक्का आहे : विमानतळावरची धाकधूक, अनोळखी जेवण, रस्ता चुकणे, एका म्हातारीने दाखवलेला जिव्हाळा, 'माणूस सगळीकडे सारखाच' हा साक्षात्कार आणि परतताना डोळ्यांत पाणी. लिहिणारी मुले अठरा वर्षांची आहेत, त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. पण या लेखनात एक गोष्ट कधीच घडत नाही. लिहिणारा सर्वांकडे पाहतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आपण येथे कोण म्हणून उभे आहोत, आपल्याला आत कोणी सोडले, हा प्रश्न त्याला पडत नाही. आमच्या पांढरपेशा प्रवासवर्णनाचीही हीच मर्यादा होती. 'अपूर्वाई' मी आवडीने वाचली आहे, वर्गात हसत हसत शिकवलीही आहे. परंतु त्या हसण्यामागे परतायला एक निर्वेध घर उभे आहे, हे विसरून चालत नाही.

याच्या उलट टोकाला दोन प्रवास ठेवून पाहावेत. पहिला फ्रेडरिक डग्लस यांचा. गुलामीतून पळालेला हा माणूस १८४५ साली आत्मचरित्र छापून बसला आणि त्यामुळेच पुन्हा धरला जाण्याचे भय निर्माण झाले. म्हणून ऑगस्टमध्ये तो 'केंब्रिया' जहाजाने निघाला. काळा म्हणून त्याला खालच्या वर्गात ढकलले गेले. आयर्लंडमध्ये डब्लिन, कॉर्क येथे त्याने सभा गाजवल्या. ओकॉनेल यांना ऐकले. वर्णावरून कोणी दार लावत नाही, हे आयुष्यात प्रथमच पाहिले. आज अमेरिकन विद्यार्थी ज्या देशांत मोठ्या संख्येने जातात त्यांत आयर्लंड आहेच. डग्लस मात्र तेथे आणि ब्रिटनमध्ये मिळून एकोणीस महिने राहिला. इंग्रज मित्रांनी पैसे भरून त्याचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि १८४७ साली तो परत निघाला, त्याच 'केंब्रिया'ने. पहिल्या वर्गाचे तिकीट खिशात असताना त्याला सांगण्यात आले की जेवण एकट्याने घ्यायचे, इतर प्रवाशांत मिसळायचे नाही. म्हणजे एकोणीस महिन्यांत जे शिकला त्याची परीक्षा बंदरावरच झाली.

दुसरा प्रवास वाचकांना ठाऊक आहे. तरी येथे वेगळ्या कारणाने सांगतो. १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. कोलंबियात तीन वर्षे, मग लंडन. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून परत. कराराप्रमाणे नोकरीसाठी बडोद्याला गेले आणि स्टेशनवरच प्रश्न उभा राहिला : राहायचे कोठे? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी नोंदवले आहे की परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला. कामाठी बागेत काही तास बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. माझ्या मते या लेखनाचे सारे सामर्थ्य त्या 'पुसले जाण्यात' आहे. पुसायला वर्षे लागली. म्हणून बडोद्याचे स्टेशन त्यांना एखाद्या परक्या देशाच्या सीमेसारखे दिसले, आणि म्हणूनच त्या शीर्षकातला व्हिसा आपल्याच देशासाठी आहे. पंधरा दिवसांत काय पुसले जाईल? फार तर शाळेत शिकवलेला नकाशा.

तेव्हा परदेशी अभ्यासाची माझी कसोटी ही आहे : परतल्यावर स्वतःचे गाव परके दिसते की नाही. ज्याला ते दिसते, तो लिहितो. १९१६ मध्ये कोलंबियाच्या परिसंवादात तरुण आंबेडकरांनी वाचला तो निबंध भारतातील जातींवर होता, न्यूयॉर्कच्या इमारतींवर नव्हे. आणि आमच्याकडे? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे. २०२२ च्या तिच्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. म्हणजे जा, पण मागे वळून पाहू नका. तो १९१६ चा निबंध या नियमात बसला नसता.

एक साधी व्यावहारिक बाबही सांगून टाकतो. अमेरिकन मुलाची सहल अल्प असू शकते, कारण त्याचा पासपोर्ट दांडगा आहे. थोड्या दिवसांसाठी फ्रान्स-इटलीला जाताना त्याला व्हिसाच लागत नाही. आमच्या मुलाला लागतो. त्यासाठी बँकेतली शिल्लक दाखवावी लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात, तीस हजार युरोंचा विमा काढावा लागतो. वीटभट्टीवरच्या बापाचे बँकेचे पुस्तक परक्या वकिलातीला कसे दिसेल, हे सांगायला नको. आणि अमेरिकेतही सगळ्यांकडे तो पासपोर्ट कोठे आहे? लहानपणी आईबापांबरोबर सीमा ओलांडून आलेली, कागदपत्रे नसलेली मुले तेथल्या महाविद्यालयांत आहेत. ती बाहेर गेली तर परतीचे दार बंद होऊ शकते. २०१२ च्या योजनेखाली संरक्षण मिळालेल्यालाही आधी खास परवानगी काढावी लागते. त्यांच्यासाठी ही सहल म्हणजे जुगार आहे.

पण त्याच देशाने आणखी एक गोष्ट केली, ती कोणी आमच्या फाईलला जोडली नाही. हंगामी शेतमजुरांच्या मुलांना महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात हात देणारा एक संघीय कार्यक्रम तेथे १९७२ साली सुरू झाला. पिकामागे राज्याराज्यांतून फिरणाऱ्या कुटुंबांची ही मुले. प्रवास त्यांनी पुरेसा केलेला असतो, त्यांना हवी असते ती टिकून राहायला जागा, शिकवणी, थोडा पैसा, चौकशी करणारे माणूस. नवागताची गरज काय, हे तेथे खालून पाहिले गेले.

माझ्या वर्गात आष्टीकडची एक मुलगी आहे. चौथ्या वर्षापासून ती दर हंगामात आईबापांच्या कोयत्याबरोबर बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यावर गेलेली. खोपीत राहिलेली, मोळ्या बांधलेली; कानडीत शंभरपर्यंत आकडे आणि दुकानदाराशी घासाघीस तिला येते. परराज्य, परभाषा, परक्या घरांच्या दारांवर उभे राहणे, सगळे झाले. शाळेच्या दाखल्यावर त्याची नोंद 'गैरहजर' अशी आहे.

या सहलींत चांगले काहीच नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्राध्यापक दोन आठवडे मुलांबरोबर जेवतो, चालतो, त्यांची नावे त्याला पाठ होतात. पहिल्या तासाला वर्गात शिरणाऱ्या मुलाला बारा ओळखीचे चेहरे दिसतात. ज्याच्या घरात कोणी महाविद्यालय पाहिलेले नाही त्याला याचे मोल किती, हे मी जाणतो. माझ्या पहिल्या वर्षात एकाही प्राध्यापकाला माझे नाव माहीत नव्हते. हजेरीचा क्रमांक तेवढा माहीत होता. पण त्यासाठी डब्लिन कशाला? १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या पोरांसाठी नागसेनवन हाच परदेश होता. तो पंधरा दिवसांचा नव्हता.

मी अभिप्राय लिहिला. न्यायचेच असेल तर निम्म्या जागा संपूर्ण खर्चासह आणि बुडालेल्या मजुरीसह द्याव्यात. पंधरा दिवसांऐवजी एक पुरे सत्र ठेवावे आणि तेही दुसऱ्या वर्षानंतर. वहीला कृतज्ञतेबद्दल गुण देऊ नयेत. आणि हे जमत नसेल तर त्याच पैशात प्रवेशानंतरचे पंधरा दिवस सर्व नवागतांना वसतिगृहात ठेवून प्राध्यापकांनी त्यांच्याबरोबर राहावे. शेवटच्या सूचनेवर एका सहकाऱ्याने विचारले, "आणि आम्ही सुटीत कोठे जायचे?" फाईल वर गेली. फलकावर सूचना लागली, तीत मूळ रक्कम जशीच्या तशी होती.

ती सूचना वाचून आष्टीची मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, वहीत काय लिहायचं ते आधीच ठरलेलं असतं का?"

मी तिला म्हटले, तू बेळगावचे लिही. मुदत नाही, गुणही नाहीत. तिने एक कोरी वही नेली आहे. दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा मुकादमाची उचल फिटलेली नव्हती. ती परीक्षेसाठी वसतिगृहात राहिली. मोळ्या बांधायला तिच्या जागी आठवीतली धाकटी बहीण गेली.