लिटरचा हिशेब, पाण्याचा हिशेब

मागच्या वेळी पाथरीकडच्या एका काकांनी विचारलं होतं, "सर, ट्रॅक्टर इथेनॉलवर चालला तर डिझेलपेक्षा परवडंल का?" त्यासाठी मी नीती आयोगाचा जून २०२१ चा इथेनॉल मिश्रणाचा आराखडा पुन्हा वाचला. आज त्याबद्दलच बोलतो.

आधी ऊर्जेचं बघू. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे दोन्ही इंजिनं सारखीच कार्यक्षम धरली, तरी एक लिटर डिझेलचं काम करायला जवळपास १.७ लिटर इथेनॉल लागतं. शिवाय इथेनॉल डिझेलसारखं नुसत्या दाबानं सहज पेटत नाही. २०१४ साली नागपुरात इथेनॉलवरची बस आली, तिच्या इंजिनात दाबाचं प्रमाण २८ ला १ होतं. नेहमीच्या डिझेल इंजिनात ते १६ ते १८ असतं. इंधनात पेट घ्यायला मदत करणारं रसायनही मिसळावं लागे. म्हणजे तंत्र जमतं, पण टाकी मोठी लागते. पुढं ती सेवा बंद पडली.

आता पैशाचं. २०२२-२३ च्या हंगामात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला सरकारी खरेदी दर होता लिटरला ६५ रुपये ६१ पैसे. त्याला १.७ नं गुणा, सुमारे ११२ रुपये होतात. तेव्हा आपल्याकडं डिझेल नव्वदीच्या घरात होतं, आणि तेही कर धरून. पंपावर लिटरचा भाव कमी दिसला म्हणून इंधन स्वस्त पडतं असं नाही.

आराखड्याचं एक कौतुक करायला हवं. जुन्या चारचाकीचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणानं ६ ते ७ टक्के घटेल, दुचाकीचं ३ ते ४, हे त्यानं लपवलेलं नाही. साखरेपासूनच्या एक लिटर इथेनॉलमागं सुमारे २,८६० लिटर पाणी जातं, हेही त्यात आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळं गणित पेट्रोलचं. आपला ट्रॅक्टर, एसटी, मालाचा ट्रक चालतो डिझेलवर. शेतकऱ्याचं डिझेलचं बिल त्यानं कमी होत नाही. आणि ॲव्हरेज एकीकडं, पाणी दुसरीकडं मोजलं की खरा खर्च दिसतच नाही.

आपण दोन्ही एकत्र मोजू. नांगरटीला तासाला ४ लिटर डिझेल लागतं असं धरा. त्याऐवजी इथेनॉल लागेल जवळपास ७ लिटर. गुणिले २,८६०, म्हणजे २० हजार लिटर पाणी. दहा हजारांचे दोन टँकर, एका तासाच्या नांगरटीला! २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण शेजारी बसून बघितलंय.

इथं कुणी म्हणेल, मळीपासून केलं तर? रास्त आहे. साखर झाल्यावर उरलेल्या मळीवर सगळ्या पाण्याचा भार टाकणं चूक ठरेल. म्हणून इथेनॉल नको, असं मी म्हणत नाही. पऱ्हाट्या, भुसकट यांपासून ते परवडणाऱ्या खर्चात बनलं, तर मराठवाड्याइतकं खूश कुणी होणार नाही.

तर काका, आजच्या भावात उसाचं इथेनॉल ट्रॅक्टरला परवडत नाही. उद्या कुणी परवडतं म्हणालं, तर त्याला तीन गोष्टी विचारा: एका एकराला किती लिटर, किती रुपये, आणि किती पाणी. तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर हिशेब अर्धाच आहे. आता प्रश्न विचारा.