आंब्याची मोठी फोड

सामाजिक प्रश्नावरच्या अ‍ॅनिमेशनपटाबद्दल बोलताना आपण बहुधा त्याच्या हेतूपाशीच थांबतो. हेतू चांगला, म्हणून फिल्म चांगली. मी जयपूरच्या विद्याधर नगरात राहते आणि अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींच्या छोट्या फिल्म्स अधूनमधून पाहते. पाणी वाचवा, मुलगी शिकवा, झाडे लावा. हात चांगला असतो, हालचाल जमलेली असते, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात चित्र बाजूला सरून पाटी येते. चित्राने करायचे काम पाटी करते.

ही सवय जुनी आहे. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगपट विभाग उभा राहिला, डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. डिव्हिजनचे लघुपट थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवले जात. प्रेक्षक खुर्ची शोधत असताना, एकदाच. अशा ठिकाणी पाटी लागतेच. पण त्याच विभागात तयार झालेल्या राम मोहन यांनी पुढे एक वेगळी वाट काढली, आणि तिचे बरेवाईट आपण अजून नीट तपासलेले नाही. ती वाट म्हणजे ‘मीना’.

सार्क देशांनी १९९१ ते २००० हे बालिका दशक जाहीर केले होते. त्या काळात युनिसेफने दक्षिण आशियातल्या मुलींसाठी ही मालिका उभी केली. नऊ-दहा वर्षांची मीना, भाऊ राजू आणि मिठू पोपट. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ अशा सगळीकडे ती आपली वाटावी म्हणून तिचे नाव, कपडे, घर विचारपूर्वक ठरवलेले. ती आपली वाटलीही. राजस्थानच्या सरकारी शाळांतून ‘मीना मंच’ या नावाने मुलींचे गट चालतात, यापेक्षा मोठी पावती कोणती?

तरीही पहिल्या भागाबद्दल माझी तक्रार आहे. त्यात मीनाला शाळेत जायचे असते, पण घरचे पाठवत नाहीत. ती मिठूला शाळेच्या खिडकीशी धाडते, त्याच्याकडून आकडे शिकते, कोंबड्या मोजते, एक कमी भरते आणि चोर सापडतो. मग वडील शाळेला होकार देतात. गोष्ट चपळ आहे, मुले हसतात. पण ती मनात काय ठेवून जाते? मुलगी शाळेत गेली, कारण तिने कोंबडी वाचवली. जो हक्क राजूला न मागता मिळाला, तो मीनाला हुशारीचे बक्षीस म्हणून मिळाला. जिला कोंबड्या मोजता येत नाहीत, चोर पकडता येत नाही, अशा साध्यासुध्या मुलीचे काय, हा प्रश्न गोष्टीबाहेर राहतो.

आंबा वाटण्याचा भाग मला म्हणूनच फार वरचा वाटतो. राजूला मोठी फोड, मीनाला लहान, अंडेही राजूलाच. कारण काय, तर तो जास्त काम करतो. मग दोघे एका दिवसापुरती कामांची अदलाबदल करतात. इथे मीना काही पराक्रम करत नाही. ती रोज जे करते, तेच राजूला करावे लागते: झाडणे, पाणी आणणे, धाकट्या बहिणीला सांभाळणे. घरातले हे काम एरवी कोणाच्या नजरेतच येत नाही. मीनाच्या हातून होते तेव्हा ते सहज वाटते, राजूच्या हातून होते तेव्हा त्याचे वजन कळते. अ‍ॅनिमेशनचे मूळ काम हालचाल दाखवणे. इथे हालचाल हाच युक्तिवाद आहे. महाराष्ट्रात अक्षय्य तृतीयेला ताटात आंबा येतो. राजस्थानात तीच आखातीज बालविवाहांचा मुहूर्त म्हणून ओळखली जाते. फोडीच्या मापापासून लग्नाच्या वयापर्यंतचा रस्ता इथल्या मुलींना समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या टोकाला गीतांजली राव. जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्टमध्ये शिकलेल्या राव यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) मध्ये एक म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांचा संग्रह आहे. बाहेरचे शहर करडे, काडेपेटीच्या आतले जग रंगीत. वृद्धांचे एकटेपण हा सामाजिक प्रश्नच आहे, पण उपाय कोणी सुचवत नाही. रंगातला फरक आपण पाहतो आणि अस्वस्थ होतो. त्यांच्याच ‘बॉम्बे रोझ’ (२०१९) मध्ये मात्र बालविवाह, बालमजुरी, काश्मीरमधून आलेला मुलगा, हिंदू-मुस्लिम प्रेम असे सगळे एका शहरात येते. प्रत्येक चौकट रंगवलेली, देखणी. पण प्रश्न वाढले तसा प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा लहान झाला, आणि कधीकधी चित्राच्या देखणेपणाने फुटपाथचा खडबडीतपणा झाकला.

म्हणजे पाटी नको आणि नुसते सौंदर्यही नको, तर मग काय? उत्तर आपल्या आसपासच आहे. भिलवाड्याकडचा फड पाहा: लांबलचक कापडावर पाबूजींची सगळी कथा एकदम मांडलेली. रात्री भोपा रावणहत्थ्यावर गातो, भोपी दिवा धरून नेमका तो प्रसंग उजळते. पिंगुळीचे चित्रकथी एकेक सुटे चित्र पुढे करून गोष्ट सांगतात. दोन्हीकडे चित्र पूर्ण बोलत नाही. समोर सांगणारा असतो, ऐकणारे असतात, मध्ये थांबायला जागा असते. ‘मीना’ टिकली ती याच कारणाने, असे मला वाटते. दहा-बारा मिनिटांची फिल्म संपल्यावर शाळेत मुली बोलायला बसतात, आणि पहिल्या भागातली जी त्रुटी मी वर सांगितली ती तिथे एखादी मुलगी स्वतःच विचारू शकते.

शेवटच्या अर्ध्या मिनिटाची पाटी नेमकी हीच जागा अडवते. बोलायचे ते सगळे बोलून झाले, असे ती प्रेक्षकाला सांगते. ज्यांच्या हाताला चित्र हलवता येते त्यांनी ती पाटी काढून पाहावी, आणि उरलेल्या चित्राला कोणी काही विचारते का ते ऐकावे.