इकॅरसचा अपराध कोणता?

डेडालस व इकॅरस ह्या ग्रीक पितापुत्रांची कथा मराठी वाचकास बहुधा लहानपणीच भेटते, आणि भेटते ती तात्पर्यासकट. बापाने पिसांचे व मेणाचे पंख करून दिले, फार उंच जाऊ नकोस म्हणून बजावले. पोराने ऐकले नाही, उन्हाने मेण वितळले, पोर समुद्रात बुडाले. वडीलधाऱ्यांचे ऐकावे, एवढेच काय ते शिल्लक राहते. आम्हीही ती वर्षानुवर्षे अशीच सांगत आलो. बीड जिल्ह्यातील एका वसतिगृहात, आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांपुढे ती सांगत असता एका मुलाने मध्येच विचारले, "पण सर, त्या पोराला कशापायी कोंडलं व्हतं? त्यानं काय केलं व्हतं?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून मूळ साधनांकडे पुन्हा वळणे भाग पडले.

अपोलोडोरसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात ह्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात येते. थीसियसला भूलभुलैयातून बाहेर पडण्याची युक्ती डेडालसने सुचविली. हे कळताच क्रीटच्या मायनॉस राजाने त्याला त्याच भूलभुलैयात डांबले, आणि त्याच्यासोबत त्याच्या मुलालाही. ही वास्तू डेडालसनेच राजासाठी बांधलेली होती. अपराध बापाचा, राग राजाचा, आणि कोठडी मात्र दोघांना. तेथेच आणखी एक तपशील आहे: इकॅरसची आई नॉक्रेटी ही मायनॉसची दासी होती. पंख दोघांपुरतेच केले गेले. तिचे पुढे काय झाले, हे कोणी सांगत नाही.

ओव्हिड हा लॅटिन कवी ही कथा आपल्या 'मेटामॉर्फसिस'च्या आठव्या सर्गात सांगतो. आमच्या मते ह्या कथेचे इतके हळुवार रूप दुसरे नाही, आणि इतके निर्दयही नाही. बाप पंख जुळवीत असता पोर शेजारी उभे आहे. उडणारी पिसे पकडते, अंगठ्याने मेण दाबून पाहते, बापाच्या कामात लुडबुड करते. आपल्याच मरणाशी आपण खेळतो आहोत, हे त्याला ठाऊक नाही. बापाचे हात थरथरतात, गाल भिजतात. बाप बोलतो, पुष्कळ बोलतो. पोर मात्र अवघ्या प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. त्याच्या तोंडी एकच उद्गार आहे, पाणी तोंडात शिरताना मारलेली बापाच्या नावाची हाक. आमच्या वाचकांस येथे इसहाकाची आठवण व्हावी. त्याच्याही खांद्यावर लाकडे बापानेच दिली होती. पण होमासाठी कोकरू कोठे आहे, एवढे तरी तो विचारतो. इकॅरस काहीच विचारीत नाही. ज्याला बोलूच दिले नाही, त्याला आपण 'न ऐकणारा' म्हणून शिक्षा सुनावतो!

ओव्हिडने बापालाही सोडलेले नाही. इकॅरसला पुरले जात असता एक तित्तीर पक्षीण पंख फडफडवून आनंदाचा आवाज काढते. ती म्हणजे पूर्वी डेडालसचा भाचा. शिकायला म्हणून मामाकडे आलेला हा हुशार मुलगा आपल्यापुढे जाईल, ह्या मत्सराने डेडालसने त्याला अथेन्सच्या गडावरून ढकलून दिले होते. म्हणजे पहिला कोसळलेला मुलगा इकॅरस नव्हेच. बालवाङ्मयातील पुनर्कथने हा भाग गाळतात, आणि तो गाळला की बाप निर्दोष होऊन बसतो.

ह्या वाचनाच्या उजेडात आम्हांस बीड जिल्ह्यातीलच एक पितापुत्रकथा आठवली: आंबेजोगाईच्या दासोपंतांची (शके १४७३ ते १५३७). त्यांचे वडील दिगंबरपंत हे नारायणपेठचे देशपांडे. दुष्काळात सरकारी वसूल थकला आणि बेदरच्या दरबाराने मुलाला ओलीस ठेवून घेतले. मुदतीत भरणा झाला नाही तर मुलाचे धर्मांतर, अशी अट. मुदतीच्या अखेरीस एक पाडेवार येतो, पैका मोजतो आणि मुलगा सुटतो. हा पाडेवार म्हणजे प्रत्यक्ष दत्तात्रेय, असे परंपरा सांगते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही ह्याच घाटाची. पण तेथे कर्ता स्वतःच पकडला जातो, येथे मुलगा. चरित्रकार पाडेवाराच्या आगमनात रंगून जातात, ते स्वाभाविकच आहे. आमचे लक्ष मात्र बेदरमध्ये वाट पाहत बसलेल्या मुलाकडे जाते. त्याने काय केले होते?

क्रीटमध्ये पाडेवार येत नाही. ज्या हातांनी कोठडी बांधली, त्याच हातांना पंख करावे लागतात, आणि ते कसबी हात पुरे पडत नाहीत. पण दासोपंतांच्या कथेतही सुटकेने गोष्ट संपत नाही, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. आपले मोल कोणी भरले, ह्या एका प्रश्नापायी सुटलेला मुलगा घर सोडतो. माहूरला बारा वर्षे तप करतो, तेथून गोदाकाठी राक्षसभुवनास येतो आणि अखेर आंबेजोगाईस स्थिरावतो. इकॅरसला जो प्रश्न विचारता आला नाही, तो दासोपंत आयुष्यभर विचारीत राहिले, असे म्हटल्यास फार अतिशयोक्ती होणार नाही.

आता त्या मुलाकडे. पुढच्या भेटीत आम्ही त्याला सांगितले की बापाने राजाची मर्जी मोडली, म्हणून पोरालाही कोंडले. त्याला ह्याचे नवल वाटले नाही. "म्हंजी बापाची उचल फिटली नव्हती," तो म्हणाला. ज्यांना ह्या जिल्ह्याची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो: दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन जोडपी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवराबायको मिळून 'एक कोयता' म्हणून गणले जातात. हंगामात उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. पोरे एक तर आजीपाशी किंवा वसतिगृहात राहतात, नाही तर कोपीवर भावंडे सांभाळतात. आणि पुष्कळांच्या हाती पुढे तोच कोयता येतो. मुलाने दिलेला अर्थ भाष्यकारांच्या कोणत्याही टीपेपेक्षा आम्हांस नेमका वाटला.

आंबेजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या त्या कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहून व आकृत्यांनी मांडून पुरा केला. व्हर्जिलच्या 'एनिड'च्या सहाव्या सर्गात डेडालसही असेच काही करू पाहतो. क्युमी येथे अपोलोच्या देवळाच्या दारांवर तो क्रीटची सारी हकीकत कोरतो. इकॅरसचे पडणे सोन्यात घडवायला दोनदा हात घालतो, आणि दोन्ही वेळा बापाचे हात गळून पडतात. दारावरची ती जागा रिकामीच राहते. मराठीत ही कथा पुन्हा सांगणाऱ्याने तात्पर्य तेथे भरू नये. कोठडीपासून सुरुवात करावी, आणि नॉक्रेटीचे नाव निदान एका ओळीत तरी घ्यावे.