सणास आलेले नवदांपत्य

लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या सणास नवराबायको दोघांपैकी एकाच्या बालपणीच्या गावी जातात, आणि त्या चार दिवसांत तेथील माणसे त्यांस व ती दोघे त्या माणसांस नव्याने पाहतात, हा विषय वरवर पाहता अगदी साधा आहे. शाळेच्या निबंधास तो दिला तर वह्याच्या वह्या भरून येतील. तथापि मराठी वाङ्मयात त्याचा शोध घेऊ लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट प्रत्ययास येते. सण आहे, माहेर आहे, सासर तर आहेच आहे. परंतु दोघे मिळून उंबऱ्यावर उभी आहेत असे चित्र विरळाच सापडते. असे का व्हावे याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. आणि तो करताना आम्हांस मराठी मुलखाच्या पार कडेस, आज तेलंगणात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यापर्यंत जावे लागणार आहे.

प्रथम ओवीकडे पाहू. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्यांचा जो संग्रह केला, किंवा हेमा राईरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे जात्यावरच्या ज्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत माहेरच्या सणाला तोटा नाही. परंतु त्या सणास लेकीला घेऊन येतो कोण? मुराळी. भाऊ गाडी जुंपून बहिणीच्या सासरी जातो, तिच्या सासूशी गोड बोलतो आणि तिला घेऊन येतो. नवरा मागे, सासरीच राहतो. शिवाय ओवी ही सासरच्या जात्यावर गायिली जाते हे विसरून चालणार नाही. तीत माहेर असते ते आठवणीतले. प्रत्यक्ष पोहोचल्यावर काय झाले हे सांगण्याची तिला गरजच भासत नाही. लेकीच्या ओढीला मराठीने जी वाणी दिली तिला तोड नाही, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. पण ती एकटीची वाणी आहे, दांपत्याची नव्हे.

दिवाळसणाचे मात्र तसे नाही. तेथे जावई येतोच. किंबहुना सण त्याचाच असतो. पाट, रांगोळी, सुगंधी तेल, आंघोळीपूर्वीचे औक्षण, आणि मग आहेराची अंगठी की घड्याळ हा घरभर कुजबुजीचा विषय. या प्रसंगाचे आमच्या लेखकांनी काय केले? बहुधा विनोद केला. जावयाला दहावा ग्रह म्हणण्याची आपली जुनी रीत, आणि तिला धरून रुसणारा जावई व त्याची मनधरणी करणारे सासरे यांचे प्रवेश रंगविण्याची लेखकांची सोय. परक्या घरात, परक्या स्वयंपाकाच्या वासात, बायकोला तिच्या लहानपणच्या नावाने हाका मारणाऱ्या माणसांत बसलेल्या त्या तरुणाला काय वाटले असेल हे विचारण्याच्या भरीस फारसे कोणी पडलेले दिसत नाही. आपली बायको येथे कोणी निराळीच मुलगी होती, हे त्याला प्रथमच कळत असते. विषयाचे मर्म आमच्या मते येथे आहे. परतणाऱ्याचे आणि प्रवेश करणाऱ्याचे असे दोन अनुभव एकाच उंबऱ्यावर एकाच वेळी घडतात. मराठीने परतणाऱ्याचा अनुभव गायिला, आणि प्रवेश करणाऱ्याला एक तर हास्यास्पद केले किंवा गप्प बसविले.

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाकडून याबाबतीत अपेक्षा धरण्यास जागा होती. नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ जन्म असा आहे. या सणाच्या मुळाशी असलेली लूककृत शुभवर्तमानातील कथा नीट वाचली तर ती आमच्याच विषयाची कथा आहे असे दिसून येईल. योसेफ हा दाविदाच्या कुळातला. नावनिशी लिहवून देण्यासाठी प्रत्येकाने आपापल्या गावी जावे असा हुकूम सुटतो, म्हणून तो वाग्दत्त मरियेला घेऊन आपल्या पूर्वजांच्या बेथलेहेमास येतो. कुळाचे गाव, सोबत नवी वधू, तीही गरोदर. आणि त्या गावात कोणा आप्ताच्या घराचा उल्लेख नाही, उतारशाळेतही जागा नाही. मूल गव्हाणीत ठेवावे लागते. ज्या सणाला आज जगभर माणसे घराकडे धाव घेतात त्याची मूळ कथा घर न मिळालेल्या जोडप्याची आहे, हा विरोध कोणाही लेखकास पुरेसा व्हावा. इंग्रजीत डिकन्सने १८४३ मध्ये 'अ ख्रिसमस कॅरोल' लिहिली तेव्हा त्याने प्रसंग उलटा केला. तेथे तरुण जोडप्याचे स्वतःचे घर आहे, आणि उंबऱ्यावर संकोचून उभा राहतो तो म्हातारा मामा. आमच्या एकत्र कुटुंबात हे चित्र जसेच्या तसे बसणार नाही. तरी दार कोण उघडतो आणि बाहेर कोण उभा राहतो याकडे लक्ष देण्याची दृष्टी त्यातून घेता आली असती.

मराठीत घडले ते वेगळेच. बाबा पदमनजी यांच्या १८५७ सालच्या 'यमुनापर्यटना'त एक तरुण दांपत्य प्रवास करते हे खरे. परंतु विनायक आणि यमुना यांच्या प्रवासाचा हेतू विधवांची दुःस्थिती पाहणे व दाखविणे हा आहे. त्यांना गावोगाव घरे लागतात, घर लागत नाही. यात लेखकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्या पिढीतील धर्मांतरिताला बालपणीच्या गावी सणास जाण्याची वाटच उरलेली नव्हती. ज्या घरात तो वाढला ते दार त्याला बंद झालेले होते. जो सण त्याने नव्याने स्वीकारला त्याला आजोळ नव्हते. गोव्याच्या ख्रिस्ती समाजाचे उदाहरण याच्या उलट आहे. तेथे अख्खी गावे पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती असल्याने सणाला नातीगोती टिकून राहिली, आणि मौज अशी की नव्या जावयाचे कौतुक नाताळात न होता २४ जूनच्या सांजांवास, पावसाच्या ऐन भरात, विहिरीत उड्या मारून होते. दिवाळसणाने जणू पंचांग बदलले!

मराठी ख्रिस्ती लेखनात प्रवेश करणाऱ्याची बाजू खऱ्या अर्थाने मांडली ती लक्ष्मीबाई टिळकांनी. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाई १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. मधली वर्षे दुराव्यात आणि मग शेजारी असूनही वेगळ्या चुलीवर गेली. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली तेव्हा हा सारा संकोच, पाण्याचा व स्वयंपाकाचा हा सारा झगडा, मराठीत प्रथमच आतून सांगितला गेला. ही नवपरिणित वधू नव्हे हे उघड आहे. परंतु ओळखीच्याच नवऱ्याच्या अनोळखी घरात पाऊल टाकणारी ही बाई स्वतःला हसते आणि हसता हसता स्वतःला बदलते. जावयावर केलेला विनोद आणि लक्ष्मीबाईंचा विनोद यांतला फरक शिकविण्याजोगा आहे. पहिला बाहेरून केलेला आहे. दुसरा उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचा स्वतःचा आहे. आणि एवढे समर्थ उदाहरण समोर असता ते पुढे कोणी म्हणण्यासारखे चालविले नाही, ही आमची तक्रार आहे.

आता आदिलाबाद. पैनगंगेच्या दक्षिणेस असलेला हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्याचा किनवट तालुका आणि राजुऱ्याचा भाग मराठी राज्याकडे आला, उरलेला आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ मध्ये तेलंगण झाले आणि २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. रेषा बदलल्या तरी सोयरिकी बदलत नाहीत. नदीच्या या काठची मुलगी त्या काठी दिली जाते आणि तिचे माहेर दुसऱ्या राज्यात राहते. चर्चचा नकाशाही येथे सरहद्द ओलांडूनच बनलेला आहे: आदिलाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९९९ मध्ये निर्माण झाला तो महाराष्ट्रातल्या चांदा धर्मप्रांतातून. परंतु आम्ही येथवर आलो ते नाताळासाठी नव्हे. नाताळानंतर काही आठवड्यांनी, पौष अमावास्येला, इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते, आणि आम्ही ज्या व्यक्तीचा शोध करीत आहोत ती तेथे मध्यभागी उभी असते.

नागोबा हे राजगोंडांतील मेश्राम कुळाचे दैवत. जत्रेपूर्वी कुळातील माणसे अनवाणी पायांनी गोदावरीवरील हस्तिनमडुगूपर्यंत चालत जाऊन पाणी आणतात. परतल्यावर केसलापुरात वडांच्या झाडांखाली कुळाचा मुक्काम पडतो. सिरीकोंड्याच्या कुंभारांनी घडविलेली मडकी येतात. अमावास्येच्या रात्री महापूजा होते. कुळाच्या लेकींना व जावयांनाही वारूळ नव्याने घालण्याच्या विधीत आपले ठरलेले काम असते. जावयास पाटावर न बसविता चिखलमातीत कामाला लावणारा हा सण पाहून आमच्या दिवाळसणाला थोडी लाज वाटावी! आणि मग भेटिंग. या शब्दात मराठी 'भेट' कोणालाही ऐकू येईल. त्या वर्षी कुळात लग्न होऊन आलेल्या सुना पांढरी वस्त्रे नेसून, तोंडावर पदर ओढून, वडीलधाऱ्या स्त्रियांमागून देवापुढे आणल्या जातात. लग्न केव्हाच झालेले असते, संसारही सुरू झालेला असतो. परंतु ही भेट होईतो ती कुळाच्या पूजेची अधिकारी होत नाही. अर्थात गृहप्रवेश येथे लग्नाच्या दिवशी पुरा होत नाही, तो पहिल्या सणास पुरा होतो. योसेफाच्या वधूला कुळाच्या गावात कोणी विचारले नाही. केसलापुरात सारे कूळ नव्या सुनेसाठी जागे बसते.

या विधीचे वर्णन करणारे लेखन अभ्यासकांचे आहे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे पत्नी एलिझाबेथ यांच्यासह १९४०च्या दशकात जैनूर भागातील मार्लवाई येथे राहिले आणि त्यांचा राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ मध्ये लंडनहून निघाला. त्या ग्रंथाचा विषय पुराकथा आणि विधी हा होता. तो त्यांनी असामान्य निष्ठेने हाताळला. पण विधी पाहणाऱ्याला पदर दिसतो, पदराआडून काय दिसते हे दिसत नाही. ते पाहणे कथाकाराचे काम. आमच्याकडचे सेतुमाधवराव पगडी हे त्याच जिल्ह्यात अधिकारी होते. त्यांनी गोंडी व कोलामी भाषा शिकून त्यांची व्याकरणे लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तकही लिहिले, पण ते इंग्रजीत. कारभाराची ती गरज होती. तरीही ज्या लेखणीने शिवकाल मराठी वाचकाच्या घरात आणला, तिने केसलापूरची एखादी सून मराठीत आणली असती तर, हा विचार मनातून जात नाही.

कारण या जत्रेत मराठी भाषा परकी नाही. गोंड कुळांच्या कथा किंगरीवर गाणारे परधान हे त्या कुळांचे पिढीजात भाट. यजमानांपुढे ते गोंडीत गातात, आणि आदिलाबादेतील परधानांच्या घरांत मातृभाषा म्हणून मराठी बोलली जात आली आहे. मेश्रामांचे गाणे ज्याच्या मुखात, त्याच्या चुलीपाशी मराठी! असे असता आमच्या पाठ्यपुस्तकांतले माहेर नेहमी देशावरचे किंवा कोकणातले असावे आणि तेथला मुराळी नेहमी त्याच एका वाटेने यावा, हे आमच्या वाचनाच्या सवयीचे फळ आहे. सामग्रीच्या अभावाचे नव्हे.

एक भीती मात्र बोलून दाखविली पाहिजे. या विषयावर उद्या कोणी लिहिले तर पांढरी वस्त्रे, वड, रात्र, नाग यांचे नयनमनोहर वर्णन करून तो लेखक थांबेल. प्रादेशिक कथेच्या लाटेत असे पुष्कळ झाले आहे आणि त्याला वास्तव म्हणून गौरविलेही गेले आहे. आम्हांस हवी आहे ती त्या रात्रीपूर्वीची दुपार. सासूने सूनेला पदर किती खाली घ्यावा हे दाखविले असेल. नवरा या गावचा, त्याच्या हाकेला चार जण ओ देतात, आणि तो बालपणीच्या सोबत्यांत इतका मिसळून गेला आहे की वडाखाली बसलेल्या आपल्या बायकोकडे त्याचे लक्ष नाही. तिला तहान लागली आहे, आणि पाणी कोणाकडे मागावे हे अजून कोणी तिला सांगितलेले नाही.