बाप्तिस्म्यानंतरचा प्रवास

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वर्गात शिकवताना आपण त्यांतून कोणते उतारे निवडतो, हे एकदा तपासून पाहण्याजोगे आहे. वडिलांचे सोवळ्याओवळ्याचे वेड आपण निवडतो. घरखर्चाचे पैसे घेऊन बाहेर पडलेले आणि भलतेच काही घेऊन परत आलेले टिळक निवडतो. पतिपत्नींची भांडणे आणि समेट निवडतो. मुले हसतात, तास रंगतो. मग केव्हातरी "पुढे त्या ख्रिस्ती झाल्या" एवढे एक वाक्य उच्चारून आपण त्यांच्या भाषेतील साधेपणाकडे वळतो. आम्ही स्वतः कित्येक वर्षे हेच करीत आलो आहोत, तेव्हा हा आरोप प्रथम आमच्यावरच आहे. कोणाचे मन दुखावू नये ही एक सबब असते. धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब असून वाङ्मयसमीक्षेचा तिच्याशी संबंध नाही, ही दुसरी.

उलट बाजूस ख्रिस्ती वाचकांतील पुष्कळ जण ह्याच ग्रंथात बाप्तिस्म्याचा प्रसंग तेवढा शोधतात आणि तो सापडला की कृतार्थ होतात. वरवर पाहता ह्या दोन वाचकांत दोन ध्रुवांचे अंतर आहे. वस्तुतः त्यांची चूक एकच आहे. श्रद्धेची कथा बाप्तिस्म्यापाशी पुरी होते, असे दोघेही धरून चालतात. एक ती कथा टाळतो, दुसरा तेवढीच वाचतो. आमच्या मते मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा खरा कस लागतो तो पाणी डोक्यावर पडून गेल्यानंतर. माणूस घरी परत येतो. शेजारी तेच असतात, बाजार तोच असतो, भाषा तीच असते. आणि ह्या सर्वांत आता वागावयाचे कसे, हा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न आपल्या भाषेत फार जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्या ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती मनुष्य पाद्रीगुरूंपुढे गाऱ्हाणे मांडतो. आमची पूर्वीची पुराणे तुम्ही दूर केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही आम्हांस का देत नाही, असा त्याचा सवाल आहे. हे मागणे धर्मशास्त्राचे नव्हे. सण आला, चार माणसे जमली, संध्याकाळ झाली, तर एकत्र बसून ऐकावे काय, ही त्याची अडचण आहे. स्टीफन्ससाहेबांनी ओवीत उत्तर दिले आणि ती ओवी पुढे ख्रिस्ती समाजात गायिली जाऊ लागली. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेवरच बंदी घातली, तेव्हा त्या राज्यकर्त्यांना स्वधर्मीयांची ही साधी गरज कळली नव्हती असे म्हणावे लागते. असो.

एकोणिसाव्या शतकातील उदाहरण बाबा पदमनजींचे. ते १८३१ मध्ये बेळगावात जन्मले आणि १८५४ मध्ये तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ही गोष्ट आज बेळगावकरांसही नित्य आठवते असे नाही. १८५७ चे त्यांचे 'यमुनापर्यटन' मराठीतील पहिली कादंबरी म्हणून परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत हटकून येते. वाचली मात्र फारशी जात नाही. ज्याने ती वाचली त्यास तिची दोन रूपे चटकन जाणवतील. यमुना आणि विनायक गावोगाव हिंडतात आणि वाटेत विधवांच्या कहाण्या ऐकतात, तेथे लेखकाची दृष्टी जिवंत आहे, शब्दांत ओलावा आहे. पात्रे धर्मचर्चेला बसली की तोच लेखक पत्रक लिहू लागतो. आम्हांस खटकते ते मात्र निराळेच. विनायक मरण पावतो, यमुना विधवा होते, ख्रिस्ती होते, तिचा पुनर्विवाह होतो आणि कादंबरी लगबगीने मिटते. त्या नव्या घरी यमुना कशी राहिली, पूर्वीच्या मैत्रिणी तिला भेटल्या काय, मंडळीतील बायांनी तिला आपली म्हटले काय, ह्यांविषयी लेखकाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असले पाहिजे, कारण ते जीवन तो स्वतः जगत होता. आपल्या आत्मवृत्तास त्यांनी 'अरुणोदय' असे नाव दिले. नाव सुंदर आहे. पण तेथेही भर आहे तो उजाडण्यापूर्वीच्या तगमगीवर. दिवस वर आल्यावर काय झाले ते जाणून घेण्याची आमची भूक तशीच राहते.

पदमनजींच्या पिढीस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. घरादारास पारखे होऊन ज्याला आपल्या निर्णयाचे समर्थन करावयाचे आहे, त्याची लेखणी निर्णयाभोवतीच फिरणार. तथापि समर्थन आणि साहित्य ह्यांत फरक आहे, आणि तो आपण मानला पाहिजे.

नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. ह्या उद्गाराचा पुष्कळदा भावुक अर्थ लावला जातो. आम्हांस त्यातील व्यावहारिक अर्थ अधिक मोलाचा वाटतो. पूल दोन्ही बाजूंनी ओलांडता येतो. टिळकांनी उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणले, तेव्हा देवळाबाहेरच्या माणसाला आत काय चालले आहे ते कळू लागले आणि आतल्या माणसाची आपल्या गावाच्या सुरांशी तुटलेली ओळख पुन्हा जुळली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी ती कल्पना होती. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार मूळ धरण्यापूर्वीच ओसरला. त्यांच्या चरित्रकारांनी ह्या अखेरच्या पर्वाचे गुणगान केले आहे. परंतु ते पर्व घरातून कसे दिसले, हे कळावयाचे तर लक्ष्मीबाईंकडेच जावे लागते.

लक्ष्मीबाईंची वाट नवऱ्याच्या वाटेपेक्षा सर्वस्वी भिन्न आहे, आणि 'स्मृतिचित्रे'चे थोरपण आमच्या मते ह्या भिन्नतेत आहे. टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला; त्यांनी तो वाचला, पत्रव्यवहार केला, वाद घातले, मन पटले आणि मग पाऊल टाकले. पुस्तकातून जीवनाकडे असा त्यांचा क्रम होता. लक्ष्मीबाई बाप्तिस्म्याची वार्ता ऐकून कोसळल्या. काही वर्षे नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने, पंढरपुरी आणि इतरत्र राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. घर एक, चूल निराळी. नवऱ्याच्या घरात राहून नवऱ्याच्या हातचे पाणी चालत नाही, अशी ती विलक्षण गृहस्थी होती. आणि मग एके दिवशी त्यांच्या मनाने जातिभेदाचा प्रश्न स्वतःपुरता निकालात काढला. देवाने माणसे केली, जाती माणसांनी केल्या, असे त्यांना दिसले. तेव्हा ह्यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, असे त्यांनी ठरविले. ख्रिस्ती होण्याचा विचार त्यानंतरचा आहे. बाप्तिस्मा १९०० मधला.

हा क्रम नीट ध्यानात घ्यावा, अशी आमची शिक्षकबंधूंस विनंती आहे. एरवी मनुष्य मत स्वीकारतो आणि मग त्या मतानुसार पंगतीला बसतो. लक्ष्मीबाई अगोदर पंगतीला बसल्या. मत मागाहून आले. ज्या मुलीचे बालपण वडिलांच्या सोवळ्याच्या धाकात गेले, बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही ह्या शिस्तीत जिचे हात पोळले, तिच्या दृष्टीने धर्म म्हणजे प्रथमपासून पाणी, भांडी आणि स्पर्श हाच होता. तेव्हा तिचे धर्मांतर तेथेच घडावे, हे ओघाने आले. ग्रंथाच्या पहिल्या भागातील जी सोवळ्याची चित्रे आपण विनोद म्हणून शिकवतो, ती ह्या दृष्टीने सबंध ग्रंथाचा पाया आहेत. ती हसून सोडून दिली तर पुढचा निर्णय अधांतरी लोंबकळतो. अर्थात त्या चित्रांत हसू आहेच. ते बाईंनी जाणूनबुजून ठेविले आहे. ज्या बंधनाने त्यांना छळले त्याच्याविषयी कडवटपणे लिहिणे सोपे होते, आणि त्यांच्या ठायी कोणी प्रचारक लेखक असता तर त्याने तसेच लिहिले असते. बाईंनी वडिलांना वडीलच राहू दिले.

बाप्तिस्म्यानंतरच्या लक्ष्मीबाईंच्या लिखाणात 'श्रद्धा' हा शब्द फारसा डोकावत नाही. दुष्काळात आणि प्लेगात उघड्यावर पडलेली मुले घरी येतात. त्यांना न्हाऊ घालावे लागते, जेवू घालावे लागते, रात्री उठून पाहावे लागते. टिळक उदार मनाने माणसे घरी आणतात आणि ती रात्री निजणार कोठे, हे बाईंनी पाहावयाचे असते. नवऱ्याच्या ध्येयवादाला त्यांनी कोठेही कमी लेखलेले नाही. पण प्रत्येक ध्येय त्या डब्यातील पिठाशी ताडून पाहतात. ही थट्टा आहे असे आम्हांस वाटत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करावी, ही आज्ञा पुरुषाने व्यासपीठावरून उच्चारली की तिचा खर्च घरात कोणाच्या अंगावर पडतो, ह्याचा इतका सरळ हिशेब मराठीत दुसरीकडे आमच्या पाहण्यात नाही. ख्रिस्ती धर्मपंडितांनीही तो वाचावा. टिळकांनी अर्धवट ठेविलेले 'ख्रिस्तायन' पुढे ह्याच बाईंनी पुरे केले. ज्यांस अक्षरओळख नवऱ्याच्या लहरीप्रमाणे रडतखडत झाली, त्यांनी महाकाव्याचा मोठा भाग लिहावा, हे नवलच. मात्र काव्य म्हणून त्यापेक्षा त्यांचे गद्य कितीतरी वरचे आहे, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

अहमदनगरच्या ह्या घरात बालकवी ठोमरे राहत असत. ते हिंदू होते आणि हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागविले. १९१८ मध्ये आगगाडीच्या अपघातात त्यांचा अंत झाला. टिळकांनी त्यांना बाप्तिस्मा का दिला नाही, असे विचारणारे तेव्हा मिशनमध्येही असतील, आणि ख्रिस्त्याच्या घरी तो जेवतो कसा, असे विचारणारे गावातही. दरबाराच्या कल्पनेत जे कागदावर होते ते ह्या स्वयंपाकघरात अगोदरच चालू होते, असे आम्हांस वाटते.

येथे एक उणीव नोंदविणे प्राप्त आहे. अहमदनगर भागातील ख्रिस्ती मंडळी बहुसंख्येने महार आणि मांग समाजांतून आलेली होती. त्यांच्या बाप्तिस्म्यानंतरच्या प्रवासाचे 'स्मृतिचित्रां'च्या तोडीचे पुस्तक आपल्यापुढे नाही. लक्ष्मीबाईंनी पाण्याचा भेद सोडला तो वरून खाली पाहत. ज्याला ते पाणी शतकानुशतके नाकारले गेले होते, त्याला ह्या प्रसंगी काय वाटले असेल? बाई प्रामाणिक असल्यामुळे त्या त्याच्या वतीने बोलण्याचा आव आणीत नाहीत. पण समीक्षकाने त्या शांततेची दखल घेतलीच पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून ख्रिस्त्यांस वगळले. जात मात्र देवळाच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवता आली, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. तो अनुभव लिहिला जाईल तेव्हा आम्ही आज मांडलेल्या मतांपैकी काही बदलावी लागतील, हे आम्ही जाणून आहो.

आपल्या काळाकडे येताना वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो डोळ्यांपुढे येतात. 'सुवार्ता' मासिक त्यांनी अनेक वर्षे संपादिले, बायबल सुबोध मराठीत आणिले आणि त्या अनुवादास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे गद्य स्वच्छ आणि प्रेमळ आहे. कधीकधी ते प्रवचनाकडे झुकते, आणि तेथे आम्ही पाने भराभर उलटतो. परंतु वसईच्या वाड्या, केळीच्या बागा, विहिरी आणि तेथील सामवेदी व कुपारी बोलणारी माणसे आली की तेच गद्य जमिनीवर पाय रोवून उभे राहते. हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत ते पुढे होते. वसईतील भूगर्भातील पाणी टँकरने उपसून विकले जात होते, शेतीवर इमारती चढत होत्या, आणि ह्या व्यवहारामागे गुंडगिरी होती. एका धर्मगुरूने ह्यात का पडावे, असा प्रश्न त्यांस विचारला गेला. त्यांच्या 'नाही मी एकला' ह्या आत्मकथनाच्या नावातच त्याचे उत्तर अर्धेअधिक आले आहे. आंदोलनात त्यांच्या शेजारी हिंदू शेतकरी होते. विहीर आटली तर ती सर्वांचीच आटणार होती.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवास, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. ते धर्मगुरू आहेत म्हणून काही लोकांनी निवडीस विरोध केला. विरोधकांनी त्यांची पुस्तके वाचली होती असे त्या आक्षेपांवरून दिसत नव्हते. त्यांना बाप्तिस्म्याची नोंद तेवढी पुरेशी होती. समर्थकांतही अनेकांनी त्यांना केवळ सर्वधर्मसमभावाचे प्रतीक करून टाकले आणि त्यांच्या गद्याविषयी अवाक्षर काढले नाही. दिब्रिटो २०२४ च्या जुलैत निवर्तले. त्यांच्या वसईविषयक लेखनाची साक्षेपी निवड, ज्यातून प्रवचने गाळलेली आहेत आणि विहिरी, वाड्या व भांडणे ठेवलेली आहेत, अशी कोणी केली तर ती 'स्मृतिचित्रां'च्या उत्तरार्धाशेजारी ठेवून वर्गात शिकविता येईल. तूर्त आम्ही एवढेच ठरविले आहे की, येत्या वर्षी सोवळ्याचा उतारा शिकविताना चूल निराळी ठेविलेल्या घराचा उतारा त्याच तासाला वाचावयाचा.